‘पुनर्जन्म’ विषयावरच्या सिंफनी मैफिलीला पहिल्यांदा जाताय? मग आधी हे वाचा

जाहिरातीत उगवता सूर्य होता, खाली ‘पुनर्जन्म आणि नवचैतन्य’ असं लिहिलेलं. त्या चित्रावर भाळून मी माझं पहिलं तिकीट काढलं. प्रत्यक्षात सभागृहात बसल्यावर पहिली वीस मिनिटं अंत्ययात्रा ऐकली. चेलो आणि डबल बास खालून गुरगुरत होते, सगळा वाद्यवृंद मध्येच कोसळत होता, आणि मला वाटत होतं की आपण चुकीच्या दिवशी आलो. शेजारी कुणाला विचारायची सोय नव्हती. पुढे तासाभरानं जे घडलं त्यानं मी हादरून गेलो खरा, पण तोवरचा निम्मा कार्यक्रम माझ्या गोंधळातच वाया गेला होता.

त्यानंतर मी अशा मैफिलींना अनेकदा गेलो. एक गोष्ट पक्की कळली. या विषयावर लिहिलेल्या बहुतेक मोठ्या रचना मरणापासून, गोठलेल्या हिवाळ्यापासून किंवा नुसत्या काळोखापासून सुरू होतात. तयारी करायची ती त्या रात्रीची. उजाडतं ते कुणी न सांगताही कळतं. पण रात्र अंगावर घेतली नसेल, तर शेवटचा गजर हा नुसता मोठा आवाज वाटतो.

संगीताचं शिक्षण नसलं तरी काही अडत नाही. स्वरलिपी वाचता येत नसेल तर मलाही येत नाही. खाली जे लिहिलंय ते एका श्रोत्यानं दुसऱ्या श्रोत्यासाठी लिहिलेलं आहे.

१. जाहिरात बाजूला ठेवा, कार्यक्रमात नेमकं काय वाजणार ते बघा

‘पुनर्जन्म’ हे बहुधा आयोजकांनी दिलेलं नाव असतं. त्याखाली काय वाजणार यावर तुमची संध्याकाळ ठरते. साधारण तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार म्हणजे एकच अजस्र रचना. बहुतेक वेळा ती गुस्ताव माहलरची दुसरी सिंफनी (म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना) असते, जिला ‘पुनरुत्थान’ हे नाव चिकटलेलं आहे. ८० ते ९० मिनिटं, पाच भाग, दोन गायिका, मोठा गायकवृंद, आणि सहसा मध्यंतर नाही.

दुसऱ्या प्रकारात मध्यंतराच्या आधी एक-दोन छोट्या रचना असतात आणि नंतर एक मध्यम लांबीची. उदाहरणार्थ, आधी रिचर्ड श्ट्राउसची ‘मृत्यू आणि रूपांतर’, नंतर स्त्राविन्स्कीच्या ‘फायरबर्ड’ या बॅलेचा संच, म्हणजे त्यातून मैफिलीसाठी काढलेले तुकडे.

तिसरा प्रकार वसंताचा. शूमानची पहिली सिंफनी, जिला त्यानं स्वतः वसंताचं नाव दिलं, किंवा रिम्स्की-कोर्साकोवची ‘रशियन ईस्टर’ ओव्हर्चर (एकाच भागाची छोटी रचना) अशा रचना यात येतात. हा प्रकार तुलनेनं हलका आणि उजळ.

निवड तुमच्या हातात असेल तर पहिल्या वेळी दुसरा प्रकार घ्या, असं माझं मत आहे. मध्यंतरात श्वास घेता येतो, आणि एक रचना नाही भिडली तरी दुसरी हाताशी असते. पण जवळपास माहलरची दुसरीच होणार असेल तर ‘अजून तयारी नाही’ म्हणून ती सोडू नका. एवढे वादक आणि गायक जमवणं सोपं नसतं, त्यामुळे ती वारंवार होत नाही.

*इथे फसू नका:* काही कार्यक्रमांत मोठ्या सिंफनीचा फक्त शेवटचा भाग वाजवतात. पत्रिकेत सगळ्या भागांची नावं दिली आहेत का, ते मोजून घ्या. ‘निवडक भाग’ असं लिहिलं असेल तर तुम्हाला नुसती पहाट मिळणार, रात्र मिळणार नाही.

आणखी एक सापळा नावात आहे. ‘वसंत’ शब्द दिसला की कोवळी पालवी आणि पाखरं डोळ्यांसमोर येतात. स्त्राविन्स्कीच्या ‘वसंताचा विधी’मध्ये जमीन पुन्हा फळावी म्हणून एक मुलगी मरेपर्यंत नाचते. २९ मे १९१३ रोजी पॅरिसमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला तेव्हा प्रेक्षागृहात इतका गोंगाट झाला की नर्तकांना संगीत ऐकू येईना. रचना विलक्षण आहे, पण मन शांत करायला म्हणून तिच्याकडे जाऊ नका.

२. पत्रिकेची भाषा ओळखीची करून घ्या

‘सिंफनी क्र. २, सी मायनर’ अशी ओळ दिसली तर घाबरू नका. क्रमांक म्हणजे त्या संगीतकाराची कितवी सिंफनी. ‘सी मायनर’ म्हणजे रचनेचं मूळ घर कुठल्या स्वरावर आहे आणि त्याचा रंग गडद आहे, इतकंच आत्ता पुरे. ‘मेजर’ असेल तर रंग उजळ. पुनर्जन्माच्या रचना अनेकदा मायनरमध्ये निघतात आणि मेजरमध्ये पोचतात. श्ट्राउस सी मायनरहून सी मेजरला येतो. माहलर निघतो सी मायनरहून, पण पोचतो ई फ्लॅट मेजरला, म्हणजे निघालेल्या घरी तो परततच नाही. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर शेवट जास्त भिडला.

‘ओपस’ म्हणजे प्रकाशित रचनांचा क्रमांक. त्याखाली इटालियन किंवा जर्मन शब्दांत प्रत्येक भागाची लय आणि वृत्ती लिहिलेली असते. ते सगळे शब्द पाठ करायची गरज नाही. एकच शब्द लक्षात ठेवा: ‘अताक्का’. म्हणजे पुढचा भाग न थांबता लगेच सुरू. तो कुठे येतो ते बघून ठेवलंत तर आपण कुठे आहोत हा घोळ होत नाही.

३. तिकीट काढताना जागेचा विचार करा

पहिल्या वेळी मी हौसेनं दुसऱ्या रांगेत, अगदी डाव्या टोकाला बसलो. मला पहिल्या व्हायोलिनवाल्यांचे बूट दिसले आणि व्हायोलिनच ऐकू आली. गायकवृंद वाद्यवृंदाच्या मागे असतो. तो ना धड दिसला, ना धड ऐकू आला.

मोठ्या वाद्यवृंदासाठी, आणि गायकवृंद असेल तर हमखास, थोडं लांब आणि उंचावर बसावं. पहिल्या सज्जाची मधली जागा उत्तम. वरून पाहिलं की कुठलं वाद्य कधी हलतंय ते दिसतं, आणि नवख्याला डोळ्यांची मदत फार होते. आवाज कुठून आला हे दिसलं की कान तिकडे आपोआप वळतो. तळमजल्यावर बसायचं असेल तर मधल्या रांगा घ्या. सज्जाच्या छपराखाली अगदी मागे नको, तिथे आवाज दबतो. सज्जातल्या अगदी शेवटच्या रांगेत स्वस्त जागा मिळाली तर बेलाशक घ्या. तिथे चेहरे दिसत नाहीत, पण आवाज बहुतेक वेळा छान मिसळून येतो.

तिकीट काढतानाच तीन गोष्टी विचारून घ्या. मध्यंतर आहे का? उशीर झाल्यास कधी आत सोडतात? गाण्याचे शब्द भाषांतरासह पडद्यावर दाखवणार का? माहलरच्या दुसरीला उशिरा पोचलात तर फार तर पहिला भाग संपल्यावर आत घेतात, आणि काही ठिकाणी तेही नाही.

४. आठवडाभर आधी घरी ऐका, पण शेवटापासून नको

मैफिल जवळ आली की सगळे ध्वनिमुद्रण शोधतात आणि ‘शेवटची पाच मिनिटं’ असा तुकडा आधी लावतात. ही सगळ्यात मोठी चूक, आणि मीही ती केली आहे. तो तुकडा चारदा ऐकल्यावर प्रत्यक्षात तो येतो तेव्हा ओळखीचा पाहुणा आल्यासारखं वाटतं. आनंद होतो, पण छाती दडपत नाही.

त्याऐवजी असं करा. पहिल्या दिवशी फक्त पहिला भाग ऐका, दुसरं काही काम न करता. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मधले भाग, एकेक करून. शेवटच्या भागाचा फक्त पूर्वार्ध ऐका आणि गायकवृंद सुरू व्हायच्या आत बंद करा. हे जड जातं, मला ठाऊक आहे. पण मैफिलीच्या दिवशी तुम्ही माझी आठवण काढाल.

प्रत्येक भागातली एक सुरावट गुणगुणता येईल इतकी ओळखीची करा. एकच. रागसंगीतात चीज ओळखीची असली की विस्तार कुठे चाललाय ते कळतं, तसंच इथे होतं. ती सुरावट पुढे कुठे फुटते, कुठे उलटी होते, कुठे दुसऱ्या वाद्याच्या तोंडी येते, हे मग सांगावं लागत नाही.

*सावधान:* या रचनांमध्ये अगदी हळू आणि अगदी मोठा यांतलं अंतर प्रचंड असतं. हेडफोनवर हळू जागा ऐकू येईना म्हणून आवाज वाढवलात की पुढच्या क्षणी कानठळ्या बसतात. ‘फायरबर्ड’मध्ये राजकन्यांचं शांत नृत्य संपतं आणि काही सूचना न देता ‘नरकनृत्या’चा पहिला घाव बसतो. हेडफोनऐवजी स्पीकर वापरलेला बरा.

५. सोबत काय घ्यायचं

- तिकीट. मोबाइलवर असेल तर त्याचं चित्र साठवून ठेवा, कारण दारात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.
- गाण्याच्या शब्दांचं भाषांतर, एका कागदावर, मोठ्या अक्षरात. का, ते सातव्या पायरीत सांगतो.
- पातळ शाल किंवा स्वेटर. नव्वद मिनिटं हलता येत नाही आणि वातानुकूलन जोरात असतं.
- खोकल्याच्या गोळ्या, वेष्टन आधीच काढून रुमालात ठेवलेल्या. शांत जागी प्लास्टिकचा चुरचुर आवाज दहा रांगांपर्यंत जातो.
- छोटी पेन्सिल, मैफिल संपल्यावर दोन ओळी टिपायला.

श्रवणयंत्र वापरत असाल तर ते शिट्टी मारत नाही ना, हे घरीच तपासा. सोबत लहान मूल असेल तर माहलर नको. ‘फायरबर्ड’ चालेल, पण गोष्ट आधी सांगून न्या. मोबाइल पूर्ण बंद करा. नुसता कंपनावर ठेवलेला मोबाइलही लाकडी खुर्चीवर ऐकू येतो.

६. दिवे मंद होण्याआधीची दहा मिनिटं

अर्धा तास आधी पोचा. कार्यक्रमाआधी छोटं व्याख्यान असेल तर जरूर ऐका.

जागेवर बसल्यावर मंच नीट बघा. टिंपनी, म्हणजे ते मोठे तांब्याचे नगारे, किती आहेत? घंटा टांगलेल्या आहेत का? हार्प किती? ऑर्गनसमोर कुणी बसलंय का? माहलरच्या दुसरीत दहा हॉर्न, म्हणजे गोल वळवलेली पितळी फुंकवाद्यं, लागतात, शिवाय टिंपनीचे दोन स्वतंत्र संच. यातले काही हॉर्न आणि ट्रम्पेट बराच वेळ मंचावर नसतातच, ते पडद्याआड कुठेतरी उभे असतात. ऑर्गनवाला तासाभराहून जास्त काळ नुसता बसून राहतो, आणि तो केव्हा हात उचलतो याकडे लक्ष ठेवण्यातही गंमत आहे.

मग ओबो एक लांब स्वर धरतो आणि सगळे त्याला आपापली वाद्यं मिळवून घेतात. ही सुरुवात नव्हे, तंबोरा लावण्यासारखंच हे काम आहे. त्यानंतर कंडक्टर, म्हणजे वाद्यवृंदाचा संचालक, येतो. टाळ्या वाजवायच्या, आणि तो पाठ फिरवून हात उचलेपर्यंत गप्प व्हायचं.

टाळ्यांबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण नवख्याला सगळ्यात जास्त धास्ती याचीच असते. भाग संपला म्हणून टाळी वाजवत नाहीत, पूर्ण रचना संपल्यावर वाजवतात. कंडक्टरचे हात खाली आले, तो श्रोत्यांकडे वळला, की मग वाजवा. ‘मृत्यू आणि रूपांतर’ अगदी हळुवार विझते. तिथे घाईनं पडलेली एक टाळी सगळ्यांचं नुकसान करते. चुकून वाजलीच, तर जीव कोंडून घेऊ नका. संगीत पुढे जातं.

७. माहलरची दुसरी, भागागणिक

ही रचना कशी पूर्ण झाली ते कळलं की ऐकणं बदलतं, म्हणून ते आधी सांगतो. पहिला भाग माहलरनं १८८८ मध्येच लिहिला आणि त्याला ‘अंत्यविधी’ अशा अर्थाचं नाव दिलं. १८९१ मध्ये त्यानं तो पियानोवर हान्स फॉन ब्यूलो या त्या काळच्या थोर कंडक्टरला वाजवून दाखवला. ब्यूलोनं कानांवर हात ठेवले. पुढे मधले भाग झाले, पण शेवट सुचेना. माहलर शब्द शोधत राहिला. १८९४ च्या फेब्रुवारीत ब्यूलो वारला आणि २९ मार्चला हॅम्बुर्गमधल्या चर्चमध्ये त्याचा अंत्यविधी झाला. तिथे गायकवृंदानं क्लॉपश्टॉक या कवीचं पुनरुत्थानाचं स्तोत्र गायलं. माहलर समोर बसलेला होता, आणि सहा वर्षं अडलेला शेवट त्याला तिथे सापडला. ज्या माणसानं पहिल्या भागापुढे कान झाकले होते, त्याच्याच अंत्यविधीनं रचना पुरी झाली. क्लॉपश्टॉकची दोन कडवी घेऊन पुढचे शब्द त्यानं स्वतः लिहिले. १३ डिसेंबर १८९५ रोजी बर्लिनमध्ये संपूर्ण सिंफनी पहिल्यांदा वाजली, माहलरच्याच संचालनाखाली.

*पहिला भाग, साधारण २० मिनिटं.* व्हायोलिनांच्या थरथरीखाली चेलो-बासांचे तुटक फटकारे. ही अंत्ययात्रा आहे. मध्येमध्ये एक कोवळी, वर चढणारी सुरावट येते आणि प्रत्येक वेळी चिरडली जाते. तिचा चेहरा लक्षात ठेवा. भागाच्या शेवटी सगळं एका घसरणीत खाली कोसळतं.

इथे माहलरनं किमान पाच मिनिटं थांबायला सांगितलंय. काही कंडक्टर तेवढं थांबतात, काही मिनिटभरातच पुढे जातात. उशिरा आलेले लोक याच वेळी आत येतात, कधीकधी गायिकाही येतात. खोकायचं, सरकून बसायचं ते आत्ता उरकून घ्या. मोबाइल मात्र काढू नका. जे ऐकलं ते अंगात मुरायला हा वेळ दिलेला आहे.

*दुसरा भाग, १० मिनिटं.* संथ लोकनृत्याची चाल, गेलेल्या माणसाचे सुखाचे दिवस आठवावेत तशी. इथे निवांत ऐका.

*तिसरा भाग, १० मिनिटं.* टिंपनीच्या दोन ठोक्यांनी सुरू होतो. त्यानंतर गोल गोल फिरणारी चाल. ती माहलरच्याच एका गाण्यातून आली आहे. त्यात संत अँथनी माशांना प्रवचन देतो, मासे भक्तिभावानं ऐकतात आणि होते तसेच परत जातात. ऐकायला मजेदार, पण सतत फिरत राहिल्यानं हळूहळू जीव घाबरा होतो. शेवटाकडे अख्खा वाद्यवृंद एकदम किंचाळतो. ही किंकाळी पक्की लक्षात ठेवा. ती परत येणार आहे.

*चौथा भाग, ५ मिनिटं.* लगेच, न थांबता. एका गायिकेचा खालच्या पट्टीतला आवाज, ‘आदिप्रकाश’ नावाचं लोककाव्य. माणूस फार संकटात आहे, वाटेत देवदूत त्याला परत फिरवू बघतो, आणि तो म्हणतो, मी फिरणार नाही. सगळ्या रचनेत मानवी आवाज इथे प्रथम येतो. शंभरएक वाद्यांच्या कल्लोळानंतर आलेला तो एकटा आवाज मला दर वेळी हलवतो.

*पाचवा भाग, साधारण ३५ मिनिटं.* सुरुवातच त्या किंकाळीनं होते. ओळख पटली की तुम्ही निम्मी लढाई जिंकलीत. पुढचा नकाशा असा:

- मंचाआडून दूरवर हॉर्न वाजतात. आवाज नेमका कुठून येतोय ते कळत नाही, आणि तसंच अपेक्षित आहे.
- हळू, चर्चमधल्या प्रार्थनेसारखी सुरावट. तिच्यात मृतांसाठीच्या प्रार्थनेची जुनी चार स्वरांची खूण दडलेली आहे, आणि तिला जोडूनच पुनरुत्थानाची सुरावट पहिल्यांदा डोकावते.
- तालवाद्यांचा एक लोंढा शून्यातून उठून भिंतीसारखा उभा राहतो. त्यातून कबरीतून उठलेल्यांची पलटण चालू लागते. हा भाग रांगडा आहे, दचकलात तरी चालेल.
- मंचावर एक लय आणि पडद्याआड दुसऱ्याच लयीत वाजणारा बँड. गोंधळ वाटतो, तो मुद्दाम आहे.
- मग सगळं थांबतं. चारी बाजूंनी दूरवर हॉर्न आणि ट्रम्पेटच्या हाका. मंचावर फक्त फ्लूट आणि पिकोलो, जणू उजाडायच्या आधीचं एकुलतं एक पाखरू.

इथे हातातला कागद मिटा. शब्दांचं भाषांतर घरून वाचून यायचं ते याच क्षणासाठी. पहिल्या वेळी मी नेमका याच वेळी ‘आता काय गाणार’ म्हणून अंधारात पुस्तिकेची पानं उलटत होतो. मान वर केली तेव्हा गायकवृंद गात होता. तो कधी सुरू झाला ते मला कळलंच नाही.

गायकवृंद येतो तो कुठल्याही वाद्याच्या साथीशिवाय, बहुतेक वेळा बसूनच, माहलरनं सांगितलेल्या कमाल हळू आवाजात. शे-दीडशे माणसं एकाच श्वासात ‘उठशील, होय, पुन्हा उठशील’ एवढंच म्हणतात. त्यातून एका सोप्रानोचा, म्हणजे उंच पट्टीतल्या गायिकेचा, आवाज धुरासारखा वर निघतो. पुढे दुसरी गायिका सांगते, मना, विश्वास ठेव, तुझं काहीच हरवलेलं नाही. हे शब्द माहलरचे स्वतःचे. त्यानंतर लय चढत जाते. ‘जगण्यासाठी मी मरेन’ या ओळीपाशी गायकवृंद पूर्ण ताकदीनं उभा ठाकतो, ऑर्गन सुरू होतो, घंटा वाजतात. इथे सूचना द्यायचं काम संपतं.

८. दुसरं काही वाजणार असेल तर

*श्ट्राउस, ‘मृत्यू आणि रूपांतर’, साधारण २५ मिनिटं.* एक कलावंत अंथरुणावर आहे. सुरुवातीचा अडखळता ठेका म्हणजे त्याच्या हृदयाचे ठोके. वेदनेचे झटके येतात, मधूनच बालपण आठवतं, आणि एक भव्य सुरावट अर्धवट डोकावून परत जाते. ती पूर्ण होते ती त्याच्या मृत्यूनंतर. मृत्यूचा क्षण ओळखायचा असेल तर टॅमटॅमचे, म्हणजे मोठ्या काशाच्या थाळीचे, अगदी हळू ठोके ऐका. हे लिहून पुरं केलं तेव्हा श्ट्राउस २५ वर्षांचा होता.

*स्त्राविन्स्की, ‘फायरबर्ड’.* मूळ बॅले १९१० चा, पॅरिसमधला. मैफिलीत बहुतेक वेळा १९१९ चा संच वाजतो, वीस-बावीस मिनिटांचा. दुष्ट काश्चेईचा जीव एका अंड्यात असतो. अंडं फुटतं, तो मरतो, आणि त्यानं दगड केलेले वीर पुन्हा जिवंत होतात. बासून या खर्जातल्या फुंकवाद्याची अंगाई संपल्यावर तारवाद्यांच्या थरथरीवर एकटा हॉर्न एक साधी सुरावट वाजवतो. श्वास रोखून ऐकायची जागा ती. तीच सुरावट वाढत वाढत शेवटी सात मात्रांच्या चालीत घणासारखी बसते. बोटांवर मोजून बघा, सापडते.

*रिम्स्की-कोर्साकोव, ‘रशियन ईस्टर’, १८८८, सुमारे १५ मिनिटं.* चर्चच्या जुन्या सुरावटींवर बांधलेली. अंधुक, गंभीर सुरुवात, मध्ये पुरोहिताच्या पठणासारखा एकट्या ट्रॉम्बोनचा आवाज, शेवटी घंटांचा जल्लोष. नवख्यासाठी उत्तम पहिली पायरी.

*शूमानची पहिली सिंफनी.* १८४१ च्या जानेवारीत, भर थंडीत, चार दिवसांत तिचा आराखडा झाला. ट्रम्पेट आणि हॉर्नच्या हाकेनं उघडते. तिच्यासाठी वेगळी तयारी लागत नाही.

९. मैफिल संपल्यावर

दारात मोबाइल लगेच चालू करू नका. थोडं चाला. मग पेन्सिल काढून एवढंच लिहा: नेमक्या कुठल्या क्षणी अंगावर काटा आला, आणि कुठे कंटाळा आला. कंटाळ्याची नोंदही प्रामाणिकपणे करा, पुढच्या वेळी कान तिथेच लावायचा असतो. माझ्या पहिल्या नोंदीत ‘तिसरा भाग लांबला’ असं आहे. आज तोच मला सगळ्यात जास्त भीतीदायक वाटतो.

ध्वनिमुद्रण दोन दिवसांनी लावा, आणि आता शेवटापर्यंत ऐका.

एखादी रचना पिच्छा सोडत नसेल तर ते साहजिक आहे. गिल्बर्ट कॅप्लन या अमेरिकी नियतकालिक-प्रकाशकानं १९६५ मध्ये माहलरची दुसरी ऐकली. तो व्यावसायिक संगीतकार नव्हता. पुढे त्यानं संचालन शिकायचं ठरवलं, तेही फक्त ही एक सिंफनी करता यावी म्हणून. १९८२ मध्ये त्यानं ती स्वतः न्यूयॉर्कमध्ये सादर केली, आणि नंतर जगभरच्या वाद्यवृंदांसोबत करत राहिला.

मी एवढं काही केलं नाही. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा सज्जात मधोमध जागा घेतली, आणि फ्लूटचं पाखरू सुरू झाल्याबरोबर कागद घडी करून खिशात ठेवला. हाका विरत गेल्या. सभागृहात कुणी हललं नाही. मी डोळे ताणून गायकवृंदाकडे बघत होतो. ओठ हललेले दिसले आणि त्यानंतर कुठेतरी आवाज ऐकू आला.